हातावरची गाठ काय सांगते? मांटू टेस्टविषयी थोडेसे

घरात कुणाला टीबी निघाला की आठवड्याभरात त्या घरातल्या लहान मुलांचे हात पुढे केले जातात. डॉक्टर चिठ्ठीवर 'एमटी' अशी दोन अक्षरे लिहितात, लॅबवाला हाताच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई टोचतो आणि 'तीन दिवसांनी दाखवायला या' म्हणून सांगतो. मग ते तीन दिवस सगळे घर त्या एवढ्याशा जागेकडे बघत राहते. लाल झाले का? सुजले का? शेजारच्या खालाला दाखवले जाते, मोबाईलवर फोटो काढून मुंबईच्या मामूंना पाठवला जातो. तिसऱ्या दिवशी कागद हातात येतो तेव्हा त्यावरचा एकच शब्द वाचला जातो: पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. पहिला शब्द असेल तर घरात रडारड आणि दुसरा असेल तर शुक्र अदा करून विषय बंद.

या दोन्ही वेळी घाई होते, आणि त्यातही दुसऱ्या वेळची घाई जास्त महागात पडू शकते. म्हणून ही टेस्ट नेमके काय करते ते नीट समजून घेऊ.

सुईतून जे आत जाते त्यात जिवंत जंतू नसतो, हे आधी सांगते. 'टीबीचे पाणी टोचतात, त्यानेच मुलाला टीबी झाला तर?' असे मला पालकसभेत अनेक अम्मींनी विचारले आहे. तसे होऊ शकत नाही. टीबीचे जंतू प्रयोगशाळेत वाढवतात, ते मारून गाळून काढून टाकतात आणि मागे उरलेल्या द्रवातली प्रथिने शुद्ध करून घेतात. त्या औषधाला पीपीडी म्हणतात. त्याचे प्रमाण एका मिलिलीटरचा दहावा भाग, म्हणजे पाण्याचे जेमतेम दोन थेंब.

याचा इतिहास मजेशीर आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली टीबीचा जंतू शोधला. आठ वर्षांनी, १८९० मध्ये, त्याने त्याच जंतूपासून काढलेला ट्युबरक्युलिन नावाचा अर्क टीबीवरचे औषध म्हणून जगापुढे आणला. युरोपभरातून रोगी बर्लिनला धावले. औषध म्हणून तो अर्क साफ फसला. पण डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात राहिली, की ज्यांच्या अंगात टीबीचा जंतू आहे त्यांनाच या अर्काची जोरदार प्रतिक्रिया येते. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये कातडीवर ओरखडा काढून त्यावर हा अर्क लावून पाहिला. पुढच्याच वर्षी चार्ल्स मांटू या फ्रेंच डॉक्टरांनी ओरखड्याऐवजी बारीक सुई वापरली, म्हणजे किती औषध गेले ते मोजता येऊ लागले. १९३०च्या दशकात अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट या बाईंनी त्या अर्कातली प्रथिने शुद्ध केली. लहानपणी पोलिओ झालेल्या या बाईंच्या कामामुळे सगळीकडे एकसारखे औषध मिळू लागले. शंभर वर्षांपेक्षा जुनी ही टेस्ट आजही जवळपास तशीच केली जाते. गाईगुरांना टीबी आहे का हेही याच पद्धतीने, त्यांच्या कातडीत टोचून पाहतात.

आता ती गाठ का येते? आपल्या घरातले एक उदाहरण घेते. ईदला किंवा लग्नात झटपट रंगणारी 'काळी मेहंदी' लावतात. त्यात केसांच्या कलपात असते तेच रसायन मिसळलेले असते. काही जणींना ती पहिल्यांदा लावली तेव्हा काहीच होत नाही, पण पुढच्या वेळी लावल्यावर एक-दोन दिवसांनी हात सुजतो, खाजतो, फोड येतात. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. कारण शरीराच्या संरक्षक पेशींनी ते रसायन पूर्वी पाहिलेले असते आणि ओळख लक्षात ठेवलेली असते. दुसऱ्यांदा तेच दिसले की त्या पेशी हळूहळू तिथे गोळा होतात आणि जागा घट्ट होते. मांटू टेस्टमध्ये अगदी हेच घडते. टीबीचा जंतू पूर्वी कधी अंगात शिरला असेल तर पेशींना त्याची ओळख असते. पीपीडी टोचले की त्या दोन-तीन दिवसांत जमा होतात आणि गाठ येते. ओळखच नसेल तर काही येत नाही.

म्हणजे ही टेस्ट शरीराला एकच प्रश्न विचारते: 'तू या जंतूला ओळखतोस का?' 'तू आजारी आहेस का?' हा प्रश्न ती विचारतच नाही. साऱ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

टीबीचा जंतू अंगात असणे आणि टीबीचा आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू श्वासातून आत गेला तरी बहुतेकांचे शरीर त्याला कोंडून ठेवते. माणूस धडधाकट असतो, खोकला नाही, ताप नाही, आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. भारतात २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली. त्यात रक्त तपासून पाहिले तेव्हा पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये हा जंतू शिरल्याची खूण सापडली. मी वर्गात फळ्यावर हा हिशेब मांडते. शंभर मोठी माणसे घ्या. त्यातल्या ३१ जणांना लागण आहे. लागण झालेल्यांपैकी पुढे सगळ्या आयुष्यात आजारी पडतात ते पाच ते दहा टक्के, म्हणजे ३१ पैकी दोन किंवा तीन. बाकीचे अठ्ठावीस जण तो जंतू अंगात घेऊन म्हातारे होतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, स्टिरॉइडची औषधे असे काही असेल तर मात्र हा धोका वाढतो.

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीची अम्मी मधल्या सुट्टीत मला भेटायला आली. बुरख्याच्या आत कागद घट्ट धरलेला होता. दादीला टीबी निघाला होता, म्हणून मुलीची टेस्ट केली होती आणि कागदावर '१३ मिमी, पॉझिटिव्ह' असे होते. ''टीचर, कुणाला सांगू नका. मी तिचे ताट, पेला, चटई सगळे वेगळे केले आहे,'' ती म्हणाली. मुलगी बाहेर मैदानात लंगडी खेळत होती. मी विचारले, ''एक्स-रे काढला?'' काढला नव्हता. पुढे काढला, तो साफ निघाला. डॉक्टरांनी आजार नाही असे सांगून फक्त पुढे होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. मुलगी एक दिवसही शाळा बुडवून घरी बसली नाही. पण ते वेगळे ताट तिच्या मनातून निघायला बराच वेळ लागला. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, आणि तोही फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसाच्या खोकल्यातून. नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टवाल्या मुलीकडून तो कुणालाच लागत नाही.

याहून वाईटही ऐकले आहे. ठरलेला निकाह मुलीच्या जुन्या मांटूच्या कागदावरून मोडल्याचे आमच्या गावच्या बायका सांगतात. मुलाकडच्या मंडळींपैकी कुणाचीही तशीच टेस्ट केली असती तर त्यांच्यातही तीन-चारांत एक पॉझिटिव्ह निघाला असता, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

टेस्ट किती भरवशाची हे पुष्कळसे करणाऱ्याच्या हातावर आणि वाचणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते. औषध कातडीच्या थरातच जायला हवे. बरोबर टोचले की जागेवर लगेच मसुरापेक्षा थोडा मोठा, पांढुरका, संत्र्याच्या सालीसारखा फुगीर ठिपका येतो. तो आलाच नाही तर सुई खोल गेली असे समजायचे आणि दुसऱ्या जागी पुन्हा टोचून घ्यायचे. औषधाची बाटली फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर ठेवावी लागते. तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात लॅबवाल्याला हे विचारायला लाजू नये.

टेस्ट वाचायची ती ४८ ते ७२ तासांच्या आत. आणि मोजायची ती लाली नव्हे. ही चूक मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. आजूबाजूची कातडी कितीही लाल झाली तरी तिला किंमत नाही. डोळे मिटून बोट फिरवल्यावर जो घट्ट, उंच भाग हाताला लागतो तो मोजायचा, आणि तोही हाताच्या लांबीच्या दिशेने नाही, आडवा. मोजमाप मिलिमीटरमध्ये लिहायचे. काहीच लागले नाही तर '० मिमी' असे लिहायचे. नुसते 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद मिळाला तर 'किती मिलिमीटर?' असे विचारा. तीन दिवस उलटून गेल्यावर गेलात आणि गाठ दिसत नसेल तर ती टेस्ट निगेटिव्ह धरता येत नाही, पुन्हा करावी लागते. फोटो पाठवून तर ती वाचताच येत नाही. फोटोत लाली दिसते, घट्टपणा दिसत नाही. त्या तीन दिवसांत जागा चोळू नये, पट्टी बांधू नये, बाम लावू नये आणि त्या हाताला मेहंदी तर मुळीच लावू नये. आंघोळ आणि वजू चालते.

किती मिलिमीटर म्हणजे पॉझिटिव्ह, याचे उत्तर माणसागणिक बदलते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे १० मिमी किंवा त्याहून जास्त गाठ पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्ही असलेल्यांना किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांना ५ मिमीही पुरेशी, कारण त्यांच्या शरीराला मोठी गाठ उठवण्याची ताकदच नसते. आणखी एक. गाठ मोठी म्हणजे आजार मोठा असे नाही. २० मिमीची गाठ आलेला मुलगा ठणठणीत असू शकतो.

औषधाची ताकदही विचारून घ्यावी. ती 'टीयू' या मापात मोजतात. मुलांसाठी २ टीयू वापरावी, फार तर ५, असे बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे आहे. काही लॅबमध्ये १० टीयू टोचतात. जास्त ताकदीचे औषध टोचले की नको त्यांनाही गाठ येते.

बीसीजीचे काय? आपल्याकडे जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. तीही टीबीच्या जंतूच्या एका भावंडापासून केलेली लस आहे, त्यामुळे पीपीडीला ती आणि खरा जंतू यांतला फरक कळत नाही. बीसीजीमुळे लहान मुलांत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पण जन्मतः दिलेल्या लसीचा हा परिणाम वर्षागणिक उतरत जातो आणि दहा वर्षांनंतर फारसा उरत नाही. त्यामुळे 'बीसीजी दिली आहे, म्हणून आली असेल' असे म्हणून दहावीतल्या मुलाची १६ मिमीची गाठ झटकून टाकू नये. माती-पाण्यातल्या काही निरुपद्रवी जंतूंमुळेही थोडीफार गाठ येते. अमेरिकेत बीसीजी सर्रास देत नाहीत, म्हणून तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांची टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरचे घाबरतात. अशा वेळी तिथले डॉक्टर एक्स-रे किंवा रक्ताची तपासणी करून घेतात.

आता निगेटिव्हकडे वळू, कारण जीव इथे जातो. ज्यांना खरोखर टीबीचा आजार आहे त्यांच्यापैकीही एक चतुर्थांशापर्यंत लोकांची मांटू निगेटिव्ह येऊ शकते. कुपोषित मूल, नुकताच गोवर झालेले मूल, अगदी तान्हे बाळ, स्टिरॉइड घेणारा माणूस यांच्या पेशी ओळख असूनही गप्प बसतात. आजार जितका भयंकर तितकी ही शक्यता वाढते. मेंदूच्या आवरणाचा टीबी, सगळ्या अंगात पसरलेला टीबी अशा वेळी शरीर इतके थकलेले असते की हातावर काहीच उमटत नाही. गोवरासारखी जिवंत जंतूची लस नुकतीच दिली असेल तरी गाठ दबते, म्हणून टेस्ट त्याच दिवशी करावी नाहीतर चार ते सहा आठवडे थांबावे.

शिवाय जंतू अंगात शिरल्यावर शरीराला त्याची ओळख पटायला दोन ते आठ आठवडे लागतात. दादीचा टीबी आज कळला, नातवाची टेस्ट उद्या केली आणि निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ 'अजून कळलेले नाही' एवढाच. आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. लहानग्यांना मात्र तेवढा वेळ नसतो. एक वर्षाखालच्या बाळाला लागण झाली आणि औषध दिले नाही तर दहापैकी तीन-चार किंवा त्याहून अधिक बाळे आजारी पडतात, आणि तेही काही महिन्यांतच. म्हणून सरकारी कार्यक्रमाचा नियम असा आहे: घरात फुप्फुसाच्या टीबीचा रोगी असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला आधी आजार नाही ना हे तपासायचे आणि मग मांटूची वाट न बघता प्रतिबंधक औषध सुरू करायचे. पाच वर्षांवरच्या घरातल्या माणसांनाही हे औषध मिळते. त्यांची टेस्ट सोय असेल तर करतात, पण सोय नाही म्हणून औषध अडवत नाहीत. 'टेस्ट निगेटिव्ह आहे, मग गोळ्या कशाला?' असे म्हणून बाळाच्या गोळ्या बंद करणाऱ्या घरांना ही गोष्ट कुणीतरी समजावून सांगायला हवी.

मूल दोन आठवडे खोकत असेल, वजन वाढत नसेल, संध्याकाळी ताप येत असेल, मानेला गाठी असतील तर मांटू निगेटिव्ह असली तरी थांबू नये. आजार शोधायचा तो एक्स-रेने आणि बेडक्यातून. लहान मूल बेडका काढू शकत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातले पाणी काढून तपासतात. सीबीनॅट आणि ट्रुनॅट या मशीनवर दोन-तीन तासांत जंतूही कळतो आणि मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही तेही. ट्रुनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत आहे आणि आजार निघाला तर सहा महिन्यांचे औषधही.

रक्ताच्या तपासणीविषयी सावध राहा. 'इग्रा' नावाची एक रक्त तपासणी आहे, ती बीसीजीने फसत नाही. ती महाग आहे, आणि लागण की आजार हे तीसुद्धा सांगत नाही. पण टीबीच्या 'अँटिबॉडी' रक्तात बघणारी जी स्वस्त किट होती तिच्यावर भारत सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली, कारण ती सर्रास चुकीचे निकाल देत होती. कुणी अजूनही ती सुचवली तर सरळ नकार द्या.

मांटूची जागा घेऊ शकेल अशी एक नवी टेस्टही आली आहे, आणि ती बनते पुण्यात. सिरम इन्स्टिट्यूटच्या सीवाय-टीबी या टेस्टमध्ये पीपीडीच्या मिसळीऐवजी फक्त दोन प्रथिने टोचतात, जी टीबीच्या जंतूत असतात पण बीसीजीत नसतात. टोचणे तसेच, दोन-तीन दिवस थांबणे तसेच. पण ५ मिमी गाठ आली की पॉझिटिव्ह, बीसीजी घेतली असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या टेस्ट २०२२ मध्ये मान्य केल्या. अर्थात आजार आहे का, हे यांनाही सांगता येत नाही.

भगिनींकडून नेहमी येणारे दोन-तीन प्रश्न. गरोदरपणात मांटू करता येते, तिने बाळाला काही होत नाही. रमजानमध्ये केली तर? कातडीतल्या अशा सुईने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलमा सांगतात. मनात शंका असेल तर इफ्तारनंतर टोचून घ्या, पण ईदपर्यंत पुढे ढकलू नका. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्याची मांटू पुन्हा करू नये. ती वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच राहते, तिच्यावरून आजार गेला की नाही हे कळत नाही. एकदा फोड येण्याइतकी जोरदार गाठ आलेल्यानेही पुन्हा टोचून घेऊ नये.

आणि टोचायचा वार बघून ठरवा. गुरुवारी टोचले तर मोजायची मुदत शनिवार-रविवारवर जाते आणि दवाखाना बंद सापडतो. सोमवार किंवा मंगळवार बरा. टोचल्याची तारीख, वेळ, किती टीयू आणि किती मिमी हे चारही कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मुलाच्या लसीकरण कार्डाला जोडून ठेवा. काही विचारायचे असेल तर टीबी कार्यक्रमाचा मोफत नंबर १८००-११-६६६६ आहे.